अनुस्वार दिसला पाहिजे

वाचनालयाच्या वेबसाइटवर मथळे भगवेच हवेत, असा कार्यकारिणीचा आग्रह होता. पांढऱ्या पानावर तो भगवा ठेवून कॉन्ट्रास्ट मोजला, तर जेमतेम २.१ भरला. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर हाच आकडा २१ येतो. त्याच्या पुढे काही नाही. चिटणीसकाकांच्या मोठ्या मॉनिटरवर सगळं झकास दिसत होतं, त्यामुळे त्यांना ते पटेना. मग मी रंगांची अदलाबदल केली. पट्टी भगवी, त्यावर अक्षरं काळी. आकडा दहाच्या आसपास गेला, भगवा आणखी खुलला आणि काकाही खूश झाले.

मजकुराच्या राखाडी रंगावरून मात्र बराच खल झाला. विकत घेतलेलं टेम्पलेट इंग्रजीसाठी बनलेलं होतं. त्यातला राखाडी #९९९९९९, पांढऱ्यावर २.८५. दिसायला नाजूक, वाचायला जड. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून डब्ल्यूसीएजी २.० हे निकष २००८ साली आले. ते नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ मागतात, मोठ्या अक्षरांना ३. हा साडेचार ठरवताना साधारण ऐंशीच्या वयात नजर जेवढी मंदावते, तेवढी धरलेली आहे. आमचे रोजचे सभासद बहुतेक त्याच वयाच्या आगेमागे.

तरी माझ्या मते मराठीला साडेचार पुरत नाही. एकाच पॉइंटात देवनागरी अक्षराचा गाभा लहान होतो, कारण वर वेलांटी-मात्रांना आणि खाली उकारांना जागा द्यावी लागते. त्यात अनुस्वार म्हणजे पडद्यावर दोन-तीन पिक्सेलचा ठिपका. कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून ब्राउझर त्याच्या भोवतीचे पिक्सेल फिकट करतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो ठरवलेल्या रंगाहूनही पुसट उमटतो. तो विरला की ‘पुस्तकं’चं ‘पुस्तक’ होतं. मी #३३३३३३ घेतला, १२.६ भरणारा, आणि फॉन्टचं सडपातळ वजन बदलून नेहमीचं ठेवलं.

दुपारी खिडकीशी बसणाऱ्या आजोबांच्या मोबाईलवर दोन्ही पानं शेजारी शेजारी दाखवली. काचेवर ऊन पडलं की पडद्यावरचा काळाही उजळतो आणि फरक आपोआप घटतो. म्हणून घरातल्या उजेडात काठावर पास झालेला रंग बाहेर नापास होतो. फिकट पान त्यांनी कपाळाला आठ्या घालून थोडंसं वाचलं आणि परत दिलं. गडद पानावर ते थेट नव्या पुस्तकांच्या यादीपर्यंत पोचले आणि त्यातल्या एका चरित्राची चौकशी करायला लागले.

त्या यादीत शिल्लक पुस्तकं हिरवी आणि वाचकांकडे गेलेली लाल दाखवली होती. एक सभासद म्हणाले, “ताई, मला दोन्ही सारखीच दिसतात हो.” लाल-हिरवा भेद न कळणारे लोक, त्यातही पुरुष, आपल्या अवतीभवती असतातच, ते सहसा बोलून दाखवत नाहीत. रंग ठेवले, पण प्रत्येक नावापुढे ‘उपलब्ध’ किंवा ‘बाहेर’ असे शब्द घातले.

काही तरुण सभासदांना काळी पार्श्वभूमी हवी होती. ती सोय केली, फक्त निखळ काळ्यावर शुभ्र अक्षरं टाळली. दृष्टिवैषम्य असलेल्यांना ती पसरलेली दिसतात आणि अनुस्वार पुन्हा शिरोरेषेला चिकटतो. गडद राखाडीवर मळकट पांढरा दिला. तोही आधी खिडकीपाशी उन्हात धरून पाहिला.