पाकिटावरचे नाव

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपून आम्ही फराळाला बसलो असता न्यू जर्सीहून माझ्या पुतणीच्या मुलीचा फोन आला. ती तिथेच जन्मलेली, तिथल्याच महाविद्यालयाच्या संघातून टेनिस खेळते. खेळाचे कपडे विकणारी एक लहानशी कंपनी तिचे नाव व छायाचित्र जाहिरातीत वापरू इच्छित होती आणि त्याबद्दल पैसे देणार होती. मी पटकन म्हणालो, “बाळ, नाव कमवायचे असते, विकायचे नसते.”

पलीकडून क्षणभर काहीच आले नाही. मग ती हळूच म्हणाली, “आजोबा, दुकानाच्या पाटीवर पणजोबांचे नाव आहे ना?”

मला उत्तर सुचले नाही. बाजारात आमची पत आहे ती त्याच नावावर.

तिने सविस्तर सांगितले. १ जुलै २०२१ पूर्वी अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूला स्वतःच्या नावावर एक डॉलरही मिळवता येत नसे. सामन्यांची तिकिटे विकली जात, प्रक्षेपणाचे कोट्यवधी डॉलर येत. खेळाडूला मात्र शिष्यवृत्ती तेवढी मिळे. नियम बदलला त्याच दिवशी कॅव्हिंडर या जुळ्या बास्केटबॉलपटू बहिणींनी एका मोबाईल कंपनीशी करार केला. मुलींना याची निकड अधिक, कारण पुढे व्यावसायिक खेळात त्यांना मिळकत थोडी. केटलिन क्लार्क एवढी नामवंत खेळाडू. पण २०२४ मध्ये तिचे पहिल्या वर्षाचे वेतन होते सुमारे ७६ हजार डॉलर. तिची खरी कमाई जाहिरातींची, आणि ती महाविद्यालयात असतानाच सुरू झालेली.

हे ऐकता ऐकता मला आमचे माजघर आठवले. उन्हाळ्यात आई आणि काकू पहाटेपासून उडदाचे पापड लाटत. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणे, “वहिनींच्या हातचे द्या.” पाकिटावर छापलेले असे आजोबांचे नाव. पैसे गल्ल्यात जात. आईने कधी तक्रार केली नाही. आम्हीही कधी विचारले नाही. (पाकिटे मीच चिकटवीत असे, म्हणून मला ते नाव अक्षरशः पाठ आहे.)

तरी माझी काळजी सर्वस्वी खोटी नव्हती. लुइझियानाच्या विद्यापीठातील जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन हिच्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये एका स्पर्धेत तरुणांच्या जमावाने एवढा गोंधळ घातला की संघाला सुरक्षाव्यवस्था वाढवावी लागली. पोरीच्या खेळाआधी तिचे रूप विकले जाते, ही भीती कुठल्याही आजोबाला वाटणारच. शिवाय रोज फोनसमोर हसतमुख राहायचे, तेही अभ्यास आणि सराव सांभाळून! दुकान निदान रात्री बंद तरी होते.

दोन दिवसांनी मीच फोन केला. म्हटले, “करार वाचून दाखव.” मुदत, मोबदला, हिशेब कधी मिळणार, सारे मी व्यापाऱ्याच्या कानाने ऐकले. एका कलमात लिहिले होते की तिचे छायाचित्र कंपनीला कायमचे वापरता येईल.

“‘कायमचे’ खोडायला सांग,” मी म्हणालो, “एक वर्ष लिहून घे. आणि कोणते छायाचित्र छापायचे ते तू ठरवणार, हेही.”

तिने तसे कळवले आहे. कंपनीचे उत्तर अद्याप आलेले नाही.