वंध्यापुत्राचा बाप

अशक्य गोष्टीचे उदाहरण म्हणून अद्वैत वेदान्तात शशशृंग, आकाशपुष्प आणि वंध्यापुत्र ही नावे ठरलेली. अंबडला आम्ही दोघे संतसाहित्य शिकवतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षे आमच्या तोंडी आहेत. पहिल्या दोहोंवर वर्ग हसतो, तिसऱ्याला गप्प होतो. शिंग नाही म्हणून सशाला कुणी बोल लावत नाही. वंध्येचे तसे नाही.

लग्नाला आठ वर्षे होऊनही आम्हांला मूल नव्हते, तेव्हा आम्ही जालन्याला तपासणीसाठी गेलो. प्रतीक्षाकक्षात पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. या निदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988मध्ये केला, केंद्राचा 1994मध्ये आला. आपल्या मराठवाड्यात तर ही पाटी हवीच. पण मूल होईल की नाही, एवढेच विचारायला आलेल्या बाईने ती तासभर वाचत बसावे, हेही विचित्रच.

आधी सोनोग्राफी झाली. तीत अंडाशय, स्त्रीबीजाची वाढ, गर्भाशयातील गाठी दिसतात. नळ्या मोकळ्या आहेत का, हे साध्या सोनोग्राफीत सहसा कळत नाही. त्यासाठी हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी, म्हणजे आपल्याकडच्या बोलण्यात 'नळ्यांचा फोटो'. पाळी सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान गर्भाशयाच्या मुखातून एक द्रव आत सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्र घेतात. पोटात कळ येते. पडद्यावर आधी उलटा त्रिकोण उजळतो, मग त्याच्या दोन कोपऱ्यांतून दोन बारीक धागे निघतात. धाग्याच्या टोकाशी द्रव पोटात सांडला, तर नळी मोकळी. अडला तर बहुधा बंद. कधी नुसत्या आकुंचनानेही तो अडतो. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हे नळ्या बंद होण्याचे मोठे कारण आहे, आणि त्या बाईला कधी खोकलाही झालेला नसतो.

आमच्या चित्रात द्रव दोन्हीकडे सांडला होता.

पुरुषाची तपासणी याहून कितीतरी सोपी : दोन ते सात दिवसांचा संयम, एक डबी, सूक्ष्मदर्शक. तरी बहुतेक घरांत ती शेवटी होते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासण्या एकदमच सांगितल्या होत्या. उणेपण त्या दुसऱ्या कागदावर निघाले : शुक्राणू कमी.

या कागदाला मराठीत शब्द सापडेना. वांझ बाई, वांझ गाय, वांझ झाड; वांझ पुरुष असे आम्ही कधी ऐकले नाही. नपुंसक म्हणजे निराळे, आणि षंढ ही तर शिवी. उणेपण पुरुषाचे असू शकते, ही शक्यताच भाषेने मोजलेली नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तासाला विचारले, "मॅडम, या वंध्यापुत्राचा बाप कोण?" वर्ग हसला. आम्ही तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला.

घरी वडीलधाऱ्यांसमोर दोन्ही अहवाल मोठ्याने वाचले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आतून आवाज आला, "तरी नवरात्रात मत्स्योदरीची ओटी भरून या." दरवर्षी सुनेला एकटीला सांगितले जाई. त्या वर्षी टेकडीच्या पायऱ्या आम्ही दोघे चढलो. ओटीचे ताट कुणी धरायचे, यावर थोडा वाद झाला.