दहा रुपये किती प्रकारे?

गेल्या शनिवारी लेकीचा गृहपाठ घेऊन बसलो होतो. दुसरीत आहे ती. 'वेगवेगळी नाणी वापरून १० रुपये तयार करा. चार प्रकारे दाखवा.' म्हटलं चला, चित्रं कशाला काढायची, खरी नाणीच घेऊन करू. आणि तिथेच फजिती झाली. अख्ख्या घरात नाणीच नाहीत! चऱ्होली फाट्यावरच्या हातगाडीवर कोथिंबिरीची जुडी घेतली तरी आपण फोन काढतो. गाडीच्या कप्प्यात फास्टॅगच्या आधीची, टोलसाठी ठेवलेली तीन नाणी सापडली, बास.

शेवटी आई आतून तिची चंची घेऊन आली आणि सतरंजीवर ओतली.

आमचं घर गावठाणातलं. चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. त्याआधी, आत्ता जिथे टॉवर उभे आहेत तिथे शेतं होती आणि आई डोक्यावर पाटी घेऊन आळंदीला भाजी विकायला जायची. पहाटे अंधारात हिशोब व्हायचा. शाळा दोन बुकं, पण हिशोबात तिला कोणी फसवल्याचं मला आठवत नाही.

मी आपला इंजिनियर! लॅपटॉप काढला, पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि लेकीला म्हटलं, चार कसले, अकरा प्रकार आहेत बघ. (पाचाची दोन घेतली तर एकच प्रकार. एक घेतलं तर उरलेले पाच रुपये दोन-एकच्या नाण्यांनी तीन प्रकारे. पाचाचं घेतलंच नाही तर सहा. आणि दहाचं अख्खं नाणं, झाले अकरा.) वीस रुपये केले तर एकदम ४१. कॉलेजात हेच गणित आम्ही डॉलर आणि सेंटमध्ये केलं होतं. तिथे एका डॉलरचे २९२ प्रकार येतात आणि क्वार्टर-डाइम म्हणजे नेमकं काय हे आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं.

आई म्हणाली, "अकरा प्रकार घेऊन काय करू? चंचीत हायेत तेवढ्यात बसलं पाहिजे ना."

बरोबर होतं. मग मी तिला आमची युक्ती सांगितली. कमीत कमी नाणी द्यायची तर आधी सगळ्यात मोठं उचलायचं, मग उरलेल्यात बसेल ते मोठं, असं करत खाली यायचं. "आत्ता चालतंय," ती म्हणाली. "पण वीस पैशाचं आलं तवा नव्हतं चालत. चाळीस पैसे द्यायचे तर चार आणे, दहा आणि पाच, अशी तीन जायची. वीसची दोन दिली की काम झालं."

मी गपच. वीस पैशांचं नाणं १९६८ साली आलं, पंचवीसचं आधीपासून होतंच. त्या जोडीने आमची युक्ती मोडते हे मला कागदावर मांडून पाहावं लागलं. तिने ते पाटीशेजारी बसून शोधलं होतं.

पुढे तिने जे सांगितलं ते तर माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेच बसत नव्हतं. माल बारा रुपयांचा, गिऱ्हाइकाने वीसची नोट दिली. आठ रुपये परत द्यायचे. "आठ कशाला जुळवत बसू? म्हणायचं, दादा, दोन रुपये हायेत का? दोन घ्यायचे, दहाची नोट द्यायची." मी पैसे एकाच बाजूने जातात असं धरून चाललो होतो. तिच्या हिशोबात समोरच्याचा खिसाही होता.

एवढ्यात लेक म्हणाली, "आज्जी, दोनचं दे ना." आईने बोटांनी चाचपून एक नाणं दिलं. ते एकचं निघालं.

आई काही बोलली नाही. मला मात्र तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. ती दुकानातून आली होती, एकच्या जागी दोनची नाणी देऊन, आणि मी ऑफिसचा वैताग तिच्यावर काढला होता. "नीट बघून देत जा ना!" त्यानंतर ती दुकानात जाईनाशी झाली. मी समजत होतो गुडघे दुखतात.

लेकीची पट्टी घेतली आणि नाणी मोजली. २०११च्या आधीचा रुपया २५ मिलिमीटर. त्या वर्षी नवीन नाणी आली, त्यातलं दोनचं २५ मिलिमीटर! आणि नवा रुपया २२चा, म्हणजे हाताची मुद्रा असलेल्या जुन्या पन्नास पैशांएवढा. प्रत्येक नाणं एकेक पायरी खाली उतरलंय. २०१९ला अंधांना ओळखता यावीत म्हणून परत नवी मालिका काढली, एकचं २०, दोनचं २३, पाचचं २५, दहाचं २७, विसाचं बारा कोनांचं. चांगलंच केलं, पण जुनी नाणीही चालूच आहेत. म्हणजे आज २५ मिलिमीटरचं नाणं रुपया असेल, दोन असतील किंवा पाच. पाचचं निदान पिवळं आणि जाड तरी आहे.

आईची बोटं जुन्या मापावर बसलेली. तिच्या काळी एक पैसा चौकोनी, दोन पैसे पाकळ्यांचे, तीन षटकोनी, चार आणे गोल. अंधारातही चुकायचं नाही.

"आई, तेव्हा तुझी चूक नव्हती गं," मी म्हटलं.

"असू दे रे," म्हणाली आणि नाणी चंचीत भरायला लागली. जरा वेळाने, "पर तू ओरडला होतास," एवढंच.

गृहपाठात लेकीने चार प्रकार लिहिले आणि खाली पाचवा, आज्जीचा: 'वीसची नोट द्या, दहा परत घ्या.' बाईंनी त्यावर प्रश्नचिन्ह काढलंय.

आज सकाळी दोघी कोथिंबीर आणायला गेल्या होत्या. चंची आईच्या कमरेला, पट्टी लेकीच्या हातात.