फिरते फोटो

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांच्या फोटोंचं एक छोटंसं वेबपेज करावं, म्हणजे नात्यातल्या सगळ्यांना घरबसल्या बघता येईल, असं मनात होतं. जुन्या अल्बममधले ९ फोटो निवडले, स्कॅन केले आणि एका रविवारी कामाला बसलो.

काम तसं सोपं. फोटोंची नावं एका यादीत लिहायची. यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून पहिला फोटो ०, शेवटचा ८. मग जावास्क्रिप्टच्या 'सेटइंटरव्हल'ला सांगायचं, दर ३००० मिलिसेकंदांनी, म्हणजे ३ सेकंदांनी, पुढचा फोटो दाखव. ८ नंतर काय? आकड्यात १ मिळवायचा, ९ ने भागायचं आणि बाकी घ्यायची. ९ भागिले ९, बाकी शून्य. पुन्हा पहिला फोटो! शाळेतला भागाकार असा कामी आला. स्वतःवरच खूष होऊन आईला हाक मारली.

आई चष्मा लावून बसली. मुंजीतले बाबा, सायकलवरचे बाबा, लग्नातले बाबा... लग्नाच्या फोटोवर ती पुढे वाकली, बोट ठेवून म्हणाली, "ही मागे उभी आहे ना, ती..." तेवढ्यात फोटो बदलला.

"अरे, थांबव की जरा!"

थांबवायची सोयच केली नव्हती. "येईल परत," मी म्हटलं. २४ सेकंद आम्ही दोघं गप्प बसून राहिलो. फोटो आला, आणि ती बाई कोण हे आठवेपर्यंत गेलासुद्धा.

३ सेकंद हा आकडा मी कुठून आणला? छान दिसतं म्हणून! वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००८ सालीच सांगून ठेवलंय, की पानावर इतर मजकुराबरोबर आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल बघणाऱ्याला थांबवता आली पाहिजे. नियम मी वाचला होता. तो आपल्या घरातल्या माणसासाठी असेल असं काही वाटलं नव्हतं.

रात्री टायमर काढून टाकला. 'मागे' आणि 'पुढे' अशी दोन मोठी बटणं ठेवली. मागे जाताना आकडा उणे होऊ नये म्हणून आधी ९ मिळवावे लागतात, एवढंच. भागाकार मात्र तसाच ठेवला. दवाखान्यातून घरी आल्यावरचा शेवटचा फोटो बघून 'पुढे' दाबलं, की पुन्हा मुंजीतले बाबा येतात.

आई आता एकेका फोटोपाशी कितीतरी वेळ बसते. मागे उभी असलेली ती बाबांची मावसबहीण निघाली. तिच्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. आता बरंच ठाऊक आहे.