एक घर आणि एक देश

ब्रह्मदेश म्हटला की मराठी माणसाला प्रथम मंडाले आठवते. १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य तेथे तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. दुसरी आठवण रत्नागिरीची. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा तेथे नजरकैदेत राहिला व १९१६ साली तेथेच वारला. तिसरी आठवण नेताजींची. १९४४ साली आझाद हिंद सरकारचे मुख्य ठाणे रंगूनला हलले होते. या तिन्ही आठवणींत इंग्रज हा शत्रू आहे. मग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिलेल्यांची कथा आपण कोणत्या मनाने वाचायची? शार्मेन क्रेग या अमेरिकन लेखिकेची ‘मिस बर्मा’ (२०१७) ही कादंबरी वाचताना हा प्रश्न माझ्या मनातून हलला नाही.

लेखिकेने ही कथा आपले आजी-आजोबा आणि आई यांच्या आयुष्यावरून रचली आहे. बेनी हा रंगूनमध्ये जन्मलेला ज्यू. लहानपणीच आईबाप गेल्यामुळे तो कलकत्त्याला नातेवाइकांकडे वाढतो. पुढे अक्याब बंदरात कस्टम खात्यात नोकरी करताना खिन ही कारेन तरुणी त्याच्या दृष्टीस पडते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी लग्न होते! चार शब्द, खाणाखुणा आणि पुष्कळसे मौन एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार सुरू होतो.

कारेन लोकांची वस्ती पूर्वेकडील डोंगरांत आणि इरावतीच्या मुखाजवळच्या सखल प्रदेशात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी त्यांच्या भाषेला लिपी दिली, शाळा काढल्या. कित्येकजण ख्रिस्ती झाले. मात्र बौद्ध राहिलेलेही पुष्कळ. इंग्रजांनी त्यांना फौजेत घेतले आणि ब्रह्मी लोकांची बंडे मोडण्यासाठी वापरले. ‘फोडा आणि झोडा’ हे तंत्र आपल्याला नवे नाही. त्याची किंमत कारेनांनी १९४२ साली मोजली. जपानी फौजांबरोबर आँग सान यांची ब्रह्मी स्वातंत्र्यसेना देशात शिरली आणि म्याऊंग्म्याच्या परिसरात कारेनांच्या कत्तली झाल्या. कादंबरीत बेनी जपान्यांच्या हाती सापडतो. त्याचा अनन्वित छळ होतो. खिनच्या माणसांत आसरा घेतलेला हा ज्यू माणूस पुढे स्वतःला कारेन म्हणवू लागतो. जात आणि वंश जन्माने ठरतात असे आपण मानतो. बेनीचे गोत दुःखाने ठरले.

ही पाने वाचताना मी वारंवार थांबलो. ज्या जपानी सैन्याच्या आगेकुचीकडे आपले कितीतरी देशभक्त आशेने पाहत होते, त्याच सैन्याच्या चाहुलीने एक आई मुलांना पोटाशी धरून रानोमाळ धावत होती. यातले कोणते चित्र खरे? दोन्ही खरी आहेत. इतिहासाच्या पेपरात असे उत्तर लिहिता येत नाही. कादंबरीत ते लिहिता येते.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. त्याआधी, १९४६ साली, कारेन शिष्टमंडळ स्वतंत्र राज्याची मागणी घेऊन लंडनला गेले होते. युद्धात ज्यांच्यासाठी त्यांनी रक्त सांडले त्या इंग्रजांनी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविले. १९४९ च्या जानेवारीत रंगूनजवळच्या इन्सिनला लढाई पेटली, आणि पुढच्याच वर्षी कारेनांचे नेते सॉ बा ऊ जी मारले गेले. बेनीच्या वाट्याला तुरुंग आणि नजरकैद आली.

आणि अशा घरातली पंधरा वर्षांची मुलगी लुइसा १९५६ साली ‘मिस बर्मा’ होते! जे सरकार तिच्या लोकांशी लढत होते, त्याच देशाचा चेहरा म्हणून तिला मिरविले जाते. तिच्या डोक्यावरचा मुकुट हा सन्मान की ओलीस ठेवल्याची खूण, हे तिला स्वतःलाही उमगत नाही. पुढे ती एका कारेन सेनानीशी लग्न करते आणि झगमगाट सोडून रणांगणाची वाट धरते.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही. पात्रे कित्येकदा राजकारणावर व्याख्याने देतात आणि घरातला संवाद सभेतल्या भाषणासारखा होतो. घडलेले किती आणि कल्पिलेले किती, हेही वाचकाला कळत नाही. पण आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटली की गड, वाडे आणि दरबार समोर येतात. इथे इतिहास स्वयंपाकघरात येऊन बसतो, नवराबायकोत भिंत उभी करतो, मुलांना परकी करतो. तो भाग मनाला अधिक भिडतो.

हे युद्ध कादंबरीबरोबर संपले नाही. थायलंडच्या सीमेवर १९८४ पासून कारेन निर्वासितांच्या छावण्या आहेत. २०१५ साली शस्त्रसंधी झाला. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर कारेन खेड्यांवर पुन्हा बॉम्ब पडू लागले.

एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन माणसांनी घर उभे केले, ते मोडले, पुन्हा सावरले. त्यांच्या देशाला मात्र आपल्या अनेक भाषांना एका छपराखाली नांदविणे साधले नाही. अनेक भाषांच्या देशात राहणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी ही कथा परक्यांची म्हणून मिटून ठेवू नये. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाढले गेले का, हे प्रत्येक पिढीने उठून पाहिले पाहिजे.