निऑन बोर्डाखाली आई

‘दादा, एवढं अमेरिकेत येऊन लॉजवर राहायचं?’ युटातल्या मोआबमध्ये, लुकलुकत्या निऑन बोर्डाखाली मी वैतागलेच. हे वाळवंटी गाव १९५० च्या दशकात युरेनियममुळे अचानक वाढलं. आमच्या मोटेलचा थाटही त्याच जमान्यातला. खोलीच्या दारातच गाडी, समोर स्विमिंग पूल आणि चिल्लीपिल्ली मोकाट.

आर्चेस नॅशनल पार्क इथून जेमतेम ८ किलोमीटर. लाल खडकातल्या २,००० हून जास्त नैसर्गिक कमानी! मला सगळं ‘कव्हर’ करायचं होतं. पण डेलिकेट आर्चच्या उघड्या चढावर आईचे गुडघे बोलायला लागले. ‘तू हो पुढे,’ ती म्हणाली. दादा तिला घेऊन खाली उतरला, मी वर गेले. फोटो झक्कास आले. मजा नाही आली.

संध्याकाळी आंघोळ करून खोलीबाहेर आले, तर आई सलवार दुमडून, नातवाशेजारी पूलमध्ये पाय सोडून बसलेली. ‘तुझे बाबा असते ना, तर आधी या पाण्याचं बिल किती येतं ते विचारलं असतं,’ म्हणाली आणि खळखळून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशीचं कॅनियनलँड्स? कॅन्सल! मीही जीन्स दुमडली.