चंद्रकोरीएवढी खूण

माणसाच्या हातून घडणाऱ्या काही चुका इतक्या क्षणिक असतात की, त्यांची साक्ष द्यायला मागे कोणी उरत नाही, असे आपल्याला वाटते. मीही चार दिवस तसेच समजत होतो. लोखंडालाही स्मरण असते, हे मला एका मिस्त्रींनी शिकवले.

ही गोष्ट १९९२ च्या फेब्रुवारीतली. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेहून आम्ही वसईला परतत होतो. गाडी मामांची, चार गिअरची, लहानशी, मोठ्या हौसेने घेतलेली. मामा स्वतः आले नव्हते. पहाटे जाताना मामेभावाने गाडी चालवली होती. तो नुकताच शिकला होता. कसारा घाट चढताना इंजिन तापले आणि पाणी घालण्यासाठी आम्हांला बराच वेळ थांबावे लागले. परतताना मामी म्हणाल्या, "आता तूच चालव रे बाबा." ते ऐकून मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मामेभाऊ मागे झोपी गेला. माझ्या शेजारी आई होती, आणि आमच्या दोघांच्या मधल्या जागेत द्राक्षांची पेटी रेटून बसवली होती. घाट सुखरूप उतरलो. पुढे मोकळा रस्ता लागला, तसा समोरच्या ट्रकला मागे टाकण्याचा मोह झाला. तिसऱ्या गिअरवर गाडी पळवली. इंजिन किंचाळू लागले, तेव्हा घाईघाईने क्लच दाबून दांडा मागे ओढला. तो चौथ्यात जायला हवा होता. पेटीमुळे माझे कोपर उचललेले होते, मूठ आवळलेली होती. हात नकळत डावीकडे कलला आणि दांडा दुसऱ्यात बसला. क्लच सोडताच गाडीला कोणी मागून धरून ओढावे तसा हिसका बसला आणि आतून एक कर्कश आवाज आला. मी क्लच पुन्हा दाबला. सारे एका क्षणात आटोपले होते.

"खड्डा होता का रे?" आईने विचारले.

"असेल," मी म्हणालो.

त्या क्षणात आत काय घडले, ते मला पुढे कळले. एरवी इंजिन चाकांना फिरवते. भरधाव वेगात खालचा गिअर पडला की हे नाते उलटते. गाडीचे सारे वजन आणि सारा वेग घेऊन चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला साधारण १.६ पट, म्हणजे ७,००० हून अधिक फेरे घ्यावे लागतात. पिस्टन आणि त्याला धरणारा कनेक्टिंग रॉड यांवरचा ताण मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. तो अडीचपट होतो. झडपांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, हाल तर विचारू नयेत. कॅमशाफ्ट त्यांना उघडतो, स्प्रिंग मिटवते. ७,००० फेऱ्यांना प्रत्येक झडपेची मिनिटाला ३,५०० वेळा उघडझाप व्हावी लागते. स्प्रिंगला तेवढी उसंत मिळत नाही. झडप मिटायची राहते, आणि वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो.

हल्लीच्या गाड्यांत इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ लागले की इंधन तोडणारी व्यवस्था असते. परंतु ती अशा वेळी निरुपयोगी ठरते. इंजिनाला फिरवणारे इंधन नसतेच. फिरवणारी चाके असतात.

उरलेली वाट गाडीने थरथरत, एका सिलिंडरचे बळ हरवून काढली. दुसऱ्या दिवशी मामांनी सगळी हकीकत ऐकली. घाटात थांबावे लागले, एवढे कळताच ते मुलाकडे वळले. "घाटात रगडलीस गाडी! तापायच्या आधी थांबायला अक्कल लागते." त्यांनी त्याच्याकडून चावी मागून घेतली. मामेभाऊ खाली मान घालून उभा राहिला. मी त्याला दोष दिला नाही. पण त्यात माझे काही मोठेपण नव्हते. मी फक्त गप्प होतो. मनातल्या मनात द्राक्षांच्या पेटीला दोष देऊन झाला होता.

चौथ्या दिवशी मामांनी मलाच गॅरेजवर पाठवले. मला यंत्रातले कळते, असा त्यांचा समज होता. मिस्त्रींनी हेड उतरवून ठेवले होते. ते म्हणाले, "घाटात तापून बिघडली असती, तर गॅस्केट गेलं असतं. ते शाबूत आहे. आता हे बघा." त्यांनी पिस्टनच्या माथ्यावर बॅटरीचा प्रकाश पाडला. काळ्या काजळीत नखाएवढी एक चंद्रकोर चकाकत होती. झडपेची कड जिथे आदळली, तिथली ती खूण. "चढावर इंजिन दमतं, असं आपटत नाही. हे चाकांनी फिरवलेलं इंजिन आहे. गाडी पळत असताना कोणीतरी खालचा गिअर टाकला." मग त्यांनी विचारले, "कोण चालवत होतं?"

"मी," मी म्हणालो. त्यांनी वाकलेली झडप फडक्याने पुसली आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवली.

ती झडप घेऊन मी मामांसमोर उभा राहिलो. सगळे ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग."

मामेभाऊ वाडीत केळींना पाणी सोडत होता. मी सांगितले. तो रागावेल, असे वाटले होते. रागावला असता तर बरे झाले असते. तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल."

दुरुस्तीचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले. पण न केलेल्या चुकीचा भार चार दिवस एका सरळ मनाने खरा मानून वाहिला होता, त्याची फेड कशाने करणार?

पुढे माझ्या मुलीला गाडी शिकवताना मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच: दांडा मुठीत आवळू नकोस. बहुतेक गाड्यांत स्प्रिंगच त्याला तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणून ठेवते; तळहाताने सरळ मागे आण. शंका आली तर क्लच सोडू नकोस. एक क्षण उशीर झाला, तर ट्रक पुढे जाईल, एवढेच.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा यात्रेला गेलो. जाताना आणि येताना गाडी मामेभावानेच चालवली. घाटात आम्ही वेळेवर थांबलो. परतीच्या वाटेवर द्राक्षांची पेटी मी माझ्या मांडीवर घेतली होती.